नदीकाठचा पोयटा वीटभट्टीला का?

मा. संपादक,

हवेली तालुक्यात मुळा-मुठेच्या काठी आमची शेती आहे. गेली काही वर्षे आमच्या शिवारातून पोयटा मातीचे डंपर भरून वीटभट्ट्यांकडे जात आहेत. जीव तुटतो, म्हणून हे पत्र.

या मातीत काय पिकते ते पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात उतरणाऱ्या मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांना विचारावे. सह्याद्रीचा काळा पाषाण झिजून आलेला हा बारीक गाळ, थरावर थर बसत गेलेला. वाफसा आला, म्हणजे रानात बेताची ओल राहिली, की मूठभर माती आवळावी. गोळा होतो, आणि अंगठ्याने दाबला की अलगद फुटतो. अशा वेळी टाकलेली मेथी सारखी उगवते. माळावरच्या मुरमाड रानाच्या नशिबी हे नाही.

शेजारच्या रानातला कमरेइतका थर उचलला गेला. खाली चुनखडीचे खडे लागले. रान खोलगट झाले, पावसाचे पाणी निघत नाही, आणि उसावर केवडा पडला आहे: पाने पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. हिराकस (लोहाचा क्षार) फवारले की चार दिवस बरे दिसते, नवे पान पुन्हा पिवळेच येते. माती विकणाऱ्याला मी दोष देत नाही. भाजीचा भाव पडला आणि देणी दारात उभी राहिली, की माणूस काय करणार?

पूर्वी पुराबरोबर नवा गाळ यायचा, असे वडील सांगत. आता मुठेवर खडकवासला, त्याच्या वर पानशेत, वरसगाव, टेमघर, मुळेवर मुळशी. बराचसा गाळ धरणांतच बसतो. काठावरून गेलेली माती भरून कशी निघणार?

वीटमाती हे गौण खनिज आहे, उत्खननाला परवानगी लागते. ती देताना महसूल विभागाने रान नदीकाठचे आहे का आणि खोदाई किती खोल होणार, हे जागेवर येऊन पाहावे. रात्रीचे डंपर अडवावेत. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ मध्ये सुरू झाली. तिच्यातला गाळ अशा खरवडलेल्या रानांना आधी द्यावा. मात्र पसरण्यापूर्वी त्याचा सामू (आम्ल-विम्लता) आणि क्षार तपासून घ्यावेत. उन्हाळ्यात धरणे उतरलेली आणि पुष्कळ राने मोकळी असतात, गाळ टाकायला तीच वेळ सोयीची; म्हणून कृषी विभागाने अशा रानांच्या गावनिहाय याद्या त्याआधीच तयार ठेवाव्यात.

– एक शेतकरी, ता. हवेली, जि. पुणे