ब्लॅक स्ट्रॅट विकली गेली!

न्यू जर्सी,
रविवार, २३ जून २०१९

प्रिय सुहास,

पिंक फ्लॉइड बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मूर आपल्या गिटारी विकतोय ही बातमी जानेवारीत आली तेव्हापासून तू एकच विचारतोयस, ‘डोकं फिरलंय का याचं?’ आता गुरुवारी त्याची ब्लॅक स्ट्रॅट, ती काळी फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार, लिलावात खरोखरच विकली गेली, तेव्हा सविस्तर लिहितो. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस.

आधी आकडा. ३९ लाख ७५ हजार डॉलर. म्हणजे आपले साडेसत्तावीस कोटी, वर काही लाख. हातोडा पडला ३३ लाखांवर, वरचे पावणेसात लाख क्रिस्टीज या लिलाव कंपनीचं कमिशन. (ते कमिशन गिटार विकत घेणाऱ्याकडून वेगळं वसूल करतात.) कॅटलॉगात अंदाज छापला होता १ ते दीड लाखाचा! असला अंदाज म्हणजे गिऱ्हाइकाला आत ओढायची युक्ती, दुसरं काय. ऑफिसात मोबाइल टेबलाखाली धरून मी लिलाव बघत होतो. आकडा दहा लाखांच्या पुढे गेला तेव्हा शेजारचा सहकारी माझ्याकडे बघायला लागला, बहुतेक मी काहीतरी मोठ्यानं बोललो असणार.

पण खरी मजा त्याआधी आली. लिलावापूर्वी सगळ्या गिटारी रॉकफेलर सेंटरला बघायला ठेवल्या होत्या, तिकीट वगैरे काही नाही. गेलो. सुहास, जवळून ती गिटार अगदीच कामाची दिसते रे. मुळातली सनबर्स्ट, तिच्यावर काळा रंग मारलेला. व्हॅमी बार, म्हणजे सूर हलवायचा दांडा, कापून बोटभर ठेवलाय, म्हणजे वाजवताना तळहातातच राहतो. ऐंशीच्या दशकात तिच्यात काहलर कंपनीचा ट्रेमोलो (तो दांडा ज्याला जोडतात ती यंत्रणा) बसवायला लाकूड कोरलं, मग तो काढून ती जागा पुन्हा लाकडानं बुजवली. ब्रिजजवळचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारा भाग, १९७९ मधला सेमोर डंकनचा. आणि नेक, म्हणजे बोटं फिरतात ती गिटारीची मान, १९८३ ची! त्यांचे गाजलेले अल्बम तर आधीचे, ‘डार्क साइड’ १९७३ चा, ‘द वॉल’ १९७९ चा. म्हणजे आपण ‘द वॉल’मधल्या ‘कम्फर्टेबली नंब’चा सोलो ऐकून येडे झालो, त्या सोलोत त्याची डावी बोटं ज्या नेकवर फिरली, ती नेक या गिटारीवर नाहीच. तबल्याची पुडी बदलावी तशा त्यानं नेक बदलल्या. लोकांनी साडेसत्तावीस कोटी मोजले ते नेमके कशाला, हा प्रश्न तुझ्यासारख्या वकिलासाठी राखून ठेवतो.

त्यानं तिला कधी देव्हाऱ्यात ठेवलंच नाही, हे ध्यानात घे. १९८६ मध्ये डॅलसच्या हार्ड रॉक कॅफेला देऊन टाकली, भिंतीवर टांगायला. अकरा वर्षांनी परत आली ती पार मळलेली, भाग गायब झालेली. त्याचा तंत्रज्ञ फिल टेलर, त्यानं ती पुन्हा उभी केली. म्हणून तर २००५ ला लाइव्ह एट या कार्यक्रमात पिंक फ्लॉइडचे चौघं एकत्र आले तेव्हा तीच गिल्मूरच्या गळ्यात होती. फेंडरनं २००८ पासून तिची हुबेहूब नक्कल बाजारात आणलीय, ओरखड्यांसकट. त्यामुळे त्याचं कुठे अडणार आहे? तू ‘वेडा’ म्हणतोस, मला तो पक्का व्यवहारी वाटतो.

आणि पैसे खिशात नाही घातले. १२६ नग, सगळेच्या सगळे गेले, एकूण २ कोटी १४ लाख ९० हजार डॉलर, ते ‘क्लायंटअर्थ’ नावाच्या संस्थेला. हे लोक हवामान आणि प्रदूषणावरून थेट सरकारांना कोर्टात खेचतात. ब्रिटनच्या सरकारला हवेच्या प्रदूषणावरून सुप्रीम कोर्टात हरवलंय त्यांनी. तुझ्या धंद्यातलीच माणसं!

हां, एक गोष्ट तुला आवडेल. ही गिटार त्यानं १९७० ला घेतली ती मॅनीज म्युझिक या दुकानातून, न्यूयॉर्कच्या पश्चिम ४८ व्या रस्त्यावर. क्रिस्टीज ४९ व्या रस्त्यावर. चालत पाच मिनिटं! प्रदर्शन बघून मी तिकडे गेलो. मॅनीज २००९ लाच बंद झालं, एकेकाळी वाद्यांच्या दुकानांची रांग होती त्या रस्त्यावर, आता काही नाही. ‘विश यू वेअर हिअर’ गाण्यातली मार्टिन कंपनीची गिटार त्यानं १९७१ मध्ये मॅनीजच्या बाहेर रस्त्यावरच एकाकडून घेतली होती. तीही गुरुवारी गेली, १० लाख ९५ हजारांना.

ब्लॅक स्ट्रॅट घेणारा कोण, तर जिम अर्से, इंडियानापोलिस कोल्ट्स या फुटबॉल टीमचा मालक. (त्यांचा फुटबॉल, हातानं खेळतात तो.) ग्रेटफुल डेड बँडच्या जेरी गार्सियाची ‘टायगर’ गिटारही त्याच्याकडेच आहे, २००२ पासून. मला वाटतं चांगल्या घरी पडली. तरी अधूनमधून कुणाला वाजवायला दिली पाहिजे त्यानं, नाहीतर हार्ड रॉकच्या भिंतीत आणि त्याच्यात फरक काय?

तुझी ती देशी गिव्हसन गिटार मात्र विकू नकोस, कोणी घेणारही नाही. पावसाळ्यात तारा सैल करून ठेव आणि खोलीत दमट वास येतोय का बघ. डिसेंबरात येतोय, तेव्हा तिची नट (तारांखालची खाचांची पट्टी) बदलून घेऊ. काकूंना नमस्कार, चिंगीला पापा.

तुझा,
अभय