विष तुटलं, पण त्याचं झालं काय?

मा. संपादक,
स.न.

विषारी रसायनं आपोआप तोडणाऱ्या पॉलिमर कोटिंगवरचा (म्हणजे कापडावर, रंगावर चढवायच्या लांब साखळीच्या रेणूंच्या थरावरचा) लेख आपल्या पेपरात वाचला, हा विषय घेतलात त्याबद्दल मनापासून आभार. पण लेखात "विष नष्ट होतं" एवढंच म्हटलंय. अहो, रेणू असा गायब होत नाही, त्याचं दुसरं काहीतरी बनतं आणि ते काय बनतं हे सांगायलाच हवं होतं.

सारिन या मज्जासंस्थेवर घाला घालणाऱ्या युद्धातल्या विषाचं त्यातल्या त्यात सोपं. पॉलिमरला ऑक्झाइमसारखे (नायट्रोजन-ऑक्सिजनचे) अणुगट जोडलेले असले की ते सारिनच्या फॉस्फरसला धरतात, फ्लोरिन सुटतो आणि विषाचा जोर संपतो. मस्टर्ड या कातडीवर फोड आणणाऱ्या युद्धातल्या विषाचं तसं नाही, त्यातल्या गंधकाला एक ऑक्सिजन जोडला गेला तर सल्फॉक्साइड होतं, ते बरंचसं निरुपद्रवी, पण दोन जोडले गेले तर सल्फोन होतं आणि त्यानेही कातडीवर फोड येतात, म्हणजे कोटिंग गरजेपेक्षा तेज असणंही धोक्याचंच! व्हीएक्स या सारिनच्याच जातीच्या विषामध्ये तर भलताच बंध तुटला तर मागे उरतं तेही जवळजवळ तितकंच जीवघेणं असतं.

पुसून टाकलं की झालं असं कुणाला वाटेल, तर साध्या रंगावर मस्टर्डचा थेंब पडला की तो रंगात मुरतो, वरून फडकं फिरवलं तरी नंतर हळूहळू त्याची वाफ येत राहते. 2018 च्या मार्चमध्ये इंग्लंडात सॉल्सबरीला एका घराच्या दाराच्या हँडलला नोव्हिचोक हे मज्जासंस्थेवरचंच विष लावलं होतं, नुसता हात लागला आणि माणसं मरणाच्या दारात गेली. म्हणून अशी कोटिंग्ज हवीतच, मी त्यांच्या विरोधात अजिबात नाही.

फक्त पुढच्या वेळी एवढं छापा की कुठलं विष, किती मिनिटांत किती तुटलं, मागे काय उरलं, आणि धूळ बसल्यावर, धुतल्यावर, हवा कोरडी असताना कोटिंग तसंच चालतं का, कारण लॅबमधल्या ओल्या द्रावणात भराभर चालणारं मटेरियल कोरड्या कापडावर कधीकधी पार मंदावतं.

आणि हे सगळं फक्त सैनिकांपुरतं का ठेवायचं? कितीतरी कीटकनाशकं सारिनच्याच ऑर्गॅनोफॉस्फरस (फॉस्फरस असलेल्या सेंद्रिय संयुगांच्या) कुळातली, फवारणी करणाऱ्याच्या बाहीवर, हातमोज्यांवर तीच उडतात. त्याच्या कपड्यांसाठी असं कोटिंग कुणी बनवतंय का, यावर एक लेख जरूर द्या.

आपली,
रसायनशास्त्र शिकवणारी एक वाचक