पिस्तूल भंगाराच्या काट्यावर तोलू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पोलिसांच्या हाती प्लास्टिकची पिस्तुलं, म्हणजे महागडी खेळणीच’ अशा आशयाचं एका वाचकाचं पत्र गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात वाचलं. पोलिसांच्या शस्त्रागारात आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा आणि राखणारा, म्हणून माझी २९ वर्षं गेली, त्यातली सहा कोकणात. म्हणून लिहावंसं वाटलं.

पत्रातलं ‘प्लास्टिकचं’ पिस्तूल म्हणजे ग्लॉक १७. त्यात प्लास्टिकची असते ती फक्त फ्रेम, म्हणजे मूठ आणि ट्रिगरभोवतीचा सांगाडा. बॅरल (नळी) आणि स्लाईड (गोळी झाडताना मागेपुढे सरकणारा वरचा भाग) पोलादीच. स्लाईड जिथे सरकते तिथेही फ्रेममध्ये पोलादाच्या चार छोट्या पट्ट्या बसवलेल्या असतात. विमानतळावर हे पिस्तूल सापडत नाही, ही निव्वळ अफवा.

बनवायला ते स्वस्त पडतं, हे मात्र खरं. बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनणारं आपलं पोलादी पिस्तूल, ९ एमएम १ए, हे १९३५ सालच्या ब्राउनिंग हाय-पॉवर या परदेशी पिस्तुलाचंच भावंड. त्याची फ्रेम पोलाद कातून काढायची, त्यात मशीनचा किती वेळ जातो! ग्लॉकची पॉलिमरची, म्हणजे प्लास्टिकची, फ्रेम साच्यातून निघते. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक घेतलं, पण ते बनवणाऱ्या गॅस्टन ग्लॉक यांनी त्याआधी दुसरं एकही पिस्तूल बनवलेलं नव्हतं; पडद्यांचे गज बनवायचे. असो.

आता कोकणातला जुलै बघा. बंदोबस्तावरून परत आलेल्या १एच्या मुठीचे स्क्रू काढले, की आत तांबूस पूड. घाम आणि खारी हवा, दोन्ही मिळून पोलाद खातात. त्यात खंडेनवमी. हळदकुंकू, फुलं, वर नारळाचं पाणी. साहेब लोक फोटो काढून गेले, की आम्ही दोघं चिंधी आणि तेलाची बाटली घेऊन रात्री नऊपर्यंत बसायचो. एखादा थेंब राहिला तर सकाळी ब्लूइंगवर, म्हणजे पोलादावरच्या काळ्या-निळ्या लेपावर, डाग उमटलेलाच. ग्लॉकच्या मुठीच्या खाचांतलं कुंकू जुन्या टूथब्रशने निघतं, बस्स. (स्लाईड पुसावीच लागते, हे नव्या पोरांना सांगून सांगून थकलो.)

वजनाचं म्हणाल तर रिकामं १ए किलोच्या आसपास, ग्लॉक ७०० ग्रॅमच्या. विसर्जनाच्या रात्री बारा तास उभ्या असलेल्या फौजदाराच्या कमरेला विचारा, यातलं भारी कुठलं आणि चांगलं कुठलं.

पण धातूची बाजूही मी सोडणार नाही. फायरिंगला जड पिस्तूल कमी उसळतं; नवशिक्यांचा नेम माझ्या डोळ्यांदेखत १एवरच लवकर बसला. शिवाय पोलादी फ्रेम तिच्यावरचे ओरखडे कानशीने काढून, पुन्हा काळी करून वापरात आणता येते. पॉलिमरमधली पट्टी तुटली की अख्खी फ्रेम बाद. आचारसंहितेत एका बागायतदाराचं .३२चं रिव्हॉल्व्हर जमा व्हायचं, वडिलांच्या वेळचं. सामान्य परवानाधारकाला या दोन्ही पिस्तुलांचं ९ एमएम माप मिळतच नाही, आणि हा माणूस वर्षाकाठी पाच-दहा गोळ्या झाडणार, बाकी हत्यार कपाटात. अशा माणसाने पोलादासाठी जास्त पैसे मोजले तर ते शहाणपणाचंच. रोज भिजणाऱ्या पोलिसाला तोच हिशेब लावायचा कशाला?

खरेदीवर लिहायचंच असेल, तर पिस्तुलांसोबत सुट्या स्प्रिंगा आणि मॅगझिनं (गोळ्या भरायच्या पेट्या) किती घेतली, हे पत्रलेखकाने जरूर विचारावं.

— एक निवृत्त आर्मोरर, सातारा