कुठली पदवी, ते नंतर बघू

डोंबिवली,
रविवार, दुपार

चि. ओंकार यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू घाईत होतास आणि मी कुकरच्या शिट्या मोजत होते, त्यामुळे बोलणं झालंच नाही. नंतर तू पाठवलेली मॅनेजमेंटच्या कोर्सची यादी नीट वाचली. बजाजचं एमएमएस, एमएस्सी फायनान्स, पीजीडीएम, आयआयएमचं दोन वर्षांचं, एक वर्षाचं, आणि सगळ्यात खाली, प्रश्नचिन्हासकट, स्टॅनफर्ड. बाबांना दाखवली तर म्हणाले, "हे उडप्याचं मेनू कार्ड दिसतंय." हसू आलं, पण खरंच, एवढ्या लांब यादीत तुला भूक कशाची लागलीय ते कुठेच नव्हतं. फोनवर मला हे धड सांगता येत नाही, म्हणून कागद घेतला.

आधी तुझ्या किरकोळ शंका. एमएमएस म्हणजे एमबीएपेक्षा कमी काहीतरी, असं तुला कुणीतरी सांगितलंय. तसं नाही. मुंबई विद्यापीठ त्या पदवीला मास्टर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज म्हणत आलं, पुणे विद्यापीठ एमबीए म्हणतं. नोकरी देणाऱ्याला फरक पडत नाही. पीजीडीएम हा डिप्लोमा, कारण तो देणारी संस्था विद्यापीठाला जोडलेली नसते आणि पदवी द्यायचा अधिकार विद्यापीठाकडे असतो. अहमदाबाद आणि कलकत्त्याच्या आयआयएम १९६१ साली निघाल्या त्या सोसायटी म्हणून, त्यामुळे त्यांनीही अनेक दशकं डिप्लोमाच दिला. आयआयएमचा कायदा ३१ जानेवारी २०१८ पासून लागू झाला, तेव्हा कुठे त्यांना एमबीए लिहिता आलं. तुझ्या मामाने अहमदाबादला अर्ज करायचं ठरवलं होतं तेव्हा आजी म्हणाली होती, "इंजिनियर झाल्यावर आता डिप्लोमा? उलटा कुठे चाललास?" मामाने अर्ज केला नाही. आजीमुळे नाही, आळसामुळे, पण घरात दोष आजीवर आहे.

आता बजाजबद्दल. तुझ्या यादीत ते पहिलं आहे आणि त्यात माझा हात आहे हे मला माहीत आहे. लहानपणापासून तू तेच नाव ऐकलंस. जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट मुंबई विद्यापीठाने १९६५ साली काढली, आणि ती उभी करताना सोबत कोण होतं माहितेय? तुझ्या यादीतलं शेवटचं नाव. स्टॅनफर्डची ग्रॅज्युएट स्कूल ऑफ बिझनेस. जशी अहमदाबादला हार्वर्डची मदत झाली आणि कलकत्त्याला एमआयटीची, तशी चर्चगेटला स्टॅनफर्डची. जमनालालजी वर्ध्याचे, गांधीजी त्यांना आपला पाचवा मुलगा मानत. त्यांच्या नावाच्या संस्थेला लोक 'सीईओ फॅक्टरी' म्हणतात, याची गंमत मला नेहमी वाटते. उदय कोटक तिथलेच, हिंदुस्थान युनिलिव्हरचे नितीन परांजपेही तिथलेच.

मी मात्र त्या फॅक्टरीच्या मागच्या दाराने गेले. दिवसाचा एमएमएस दोन वर्षांचा. संध्याकाळचे नोकरदारांचे कोर्स तीन वर्षांचे. त्यातला फायनान्सचा, एमएफएम, मी १९९६ ते १९९९ केला. बँकेतून सुटले की तडक चर्चगेट, कॅन्टीनमध्ये वडापाव-चहा, मग वर्ग. रात्री फाउंटनवरून चालत सीएसटी, आणि कल्याण लोकलच्या लेडीज डब्यात उभ्या उभ्या असाइनमेंट वाचायची. शेवटच्या परीक्षेला तू पोटात होतास. डब्यातल्या बायका आधी सीट द्यायच्या आणि मग विचारायच्या, एवढं कशाला शिकतेस आता?

तेव्हा मी लोन डिपार्टमेंटला होते. भिवंडीकडचा एक कारखानदार होता, प्लॅस्टिकचे डबे करायचा. ताळेबंदात दरवर्षी नफा, ऑर्डरी भरपूर, आणि दर महिन्याच्या सात तारखेला पगाराला पैसे नाहीत म्हणून माझ्यासमोर खुर्चीत. साहेबांचं मत, माणूस पैसे बाहेर काढतोय. मला तसं वाटत नव्हतं, पण का वाटत नव्हतं ते सांगता येत नव्हतं. लघुउद्योगाला अपेक्षित उलाढालीच्या २० टक्के खेळतं भांडवल द्यायचं, हा नायक समितीचा नियम. त्याप्रमाणे दिलं होतं, फाइल स्वच्छ होती.

मग एका संध्याकाळी वर्गात सरांनी फळ्यावर एक आडवी रेघ मारली. कच्चा माल गोदामात किती दिवस पडतो? माल तयार होऊन विकला जाईपर्यंत किती दिवस? विकल्यावर पैसे किती दिवसांनी येतात? मी वहीच्या कडेला माझ्या डबेवाल्याचे आकडे टाकले. ३० दिवस, ४५ दिवस, ९० दिवस. एकूण १६५. त्याला कच्चा माल देणारा उधारी देत होता फक्त ३० दिवसांची. म्हणजे १३५ दिवस पैसा त्याच्या खिशातून बाहेर. आणि गंमत अशी, की धंदा जितका वाढेल तितका हा खड्डा वाढणार! ऑर्डर दुप्पट झाली की खड्डाही दुप्पट. आपलं २० टक्क्यांचं गणित वर्षातले साधारण ७३ दिवस भागवत होतं. उरलेले ६२ दिवस तो माणूस बायकोच्या दागिन्यांवर काढत होता, हे मला नंतर कळलं. त्या रात्री मी दिवा स्टेशन कधी गेलं ते पाहिलंच नाही.

हे सूत्र कुठल्याही पुस्तकात मिळतं. कॅन्टीनमध्ये दिवसाच्या बॅचची एक मुलगी भेटायची, कमालीची हुशार, तिने मला ते अर्ध्या मिनिटात लिहून दाखवलं असतं. तिला मी हा किस्सा सांगितला तर तिने डोळे मोठे करून विचारलं, "पण मॅडम, लोक खरंच नव्वद नव्वद दिवस पैसे देत नाहीत?"

आमच्या वर्गात एक गृहस्थ होते, गिरणीच्या अकाउंट्समधले, चाळिशी उलटलेले. १९८२ च्या संपातून जेमतेम वाचलेली गिरणी. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरणीची जमीन विकायची वाट काढून दिली होती, तीन वाटे करून: एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. आम्हाला तेव्हा कंपनीचं मूल्य काढायला शिकवत होते, चालू धंदा म्हणून किती आणि मोडीत काढली तर किती. सगळे पुस्तकातली उदाहरणं सोडवत होते. यांनी आपल्या गिरणीचे आकडे घातले, नाव न सांगता, आणि चालू गिरणीपेक्षा बंद गिरणी कितीतरी पट महाग निघाली. सरांनी सगळं पुन्हा तपासलं. कामगारांची ग्रॅच्युइटी, प्रॉव्हिडंट फंड, सगळं धरलं होतं. उत्तर बरोबर होतं. ते गृहस्थ वही मिटून म्हणाले, "हेच मला आठ महिने वाटत होतं. आता आकडा मिळाला." दुसऱ्या दिवशी ते वर्गाला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, आणि घरून मुगाचे लाडू आणले होते, सगळ्यांना वाटले. का, ते कुणी विचारलं नाही.

मला म्हणायचंय ते एवढंच, की त्या वर्गात ज्याच्याकडे स्वतःची एक सलणारी गोष्ट होती, त्याला शिकवलेलं लागू पडलं. ज्यांच्याकडे नव्हती त्यांनी शब्द गोळा केले. एनपीव्ही, आयआरआर, सिनर्जी. आमच्या बॅचला असे चार-पाच जण होते, आणि त्यांना मार्क आमच्याहून चांगले पडले हेही सांगते, लपवत नाही.

म्हणून तुझ्या यादीतली एमएस्सी फायनान्स मला पटत नाही. चांगला कोर्स आहे, बजाजमध्ये दिवसाचा, दोन वर्षांचा, आणि ज्याला शेअर, बाँड, जोखीम यांतच राहायचंय त्याच्यासाठी आहे. तुला कुठे राहायचंय त्यात? ते नाव यादीत शिरलं ते निखिलचा पगार ऐकून. निखिल शाळेपासून शेअर बाजाराचे भाव पाठ करायचा. त्याचं बरोबर आहे. तू गणपतीत आलास तेव्हा तीन दिवस एकच गोष्ट बोलत होतास. आठ महिने खपून तुम्ही ॲपमध्ये काहीतरी बांधलंत, आणि ते एकाही ग्राहकाने मागितलं नव्हतं. "हे बांधायचं असं ठरवलं कुणी, हेच मला कुणी सांगत नाही," असं तू आरतीचं ताट हातात घेऊन म्हणालास. निरांजन विझलं तरी तुझं चालूच होतं. ओंकार, तुझा डबेवाला तो आहे. ग्राहकाला काय हवं ते कसं शोधतात, कंपनीत निर्णय कुठल्या टेबलावर होतो, तिथे नाही म्हणायचं कसं. हे मार्केटिंगमध्ये येतं, माणसांच्या वागण्याच्या विषयात येतं, आणि सगळं एकत्र शिकवणाऱ्या दोन वर्षांच्या एमएमएस किंवा एमबीएत येतं. केस पद्धतीने शिकवणारी जागा असेल तर फारच बरं. तिथे तुला रोज कुणाचा तरी फसलेला निर्णय समोर ठेवून विचारतील, तू काय केलं असतंस?

एक वर्षाचे कोर्स जास्त अनुभवाच्या लोकांसाठी असतात, ते आत्ता सोड. स्टॅनफर्डलाही एक वर्षाचा एमएसएक्स आहे, त्याला किमान आठ वर्षांचा अनुभव लागतो. तुझी तीन झाली. तिथल्या दोन वर्षांच्या एमबीएबद्दल मी नाही म्हणत नाही, पण त्या खर्चावर बाबांशी स्वतंत्र बोल, मला मध्ये घालू नकोस.

पैशाचं मात्र बँकेची बाई म्हणून सांगते. समज २० लाखांचं शैक्षणिक कर्ज, १० टक्क्यांनी, १० वर्षांत फेडायचं. हप्ता साधारण २६,४०० रुपये. शिकत असताना आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो म्हणून पोरं खूश असतात, पण व्याज त्या काळातही चढत असतं. जमलं तर तेवढं व्याज महिन्याच्या महिन्याला भरत जा, आम्ही त्यात मदत करू. प्राप्तिकरात या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, पण जुन्या कररचनेत. नव्या रचनेत नाही, आणि हे लोन देणारा पोरगा तुला सांगणार नाही. शिवाय दोन वर्षांचा बुडालेला पगार खर्चात धर. कोणी धरत नाही.

कॅटचा फॉर्म भरून टाक, त्याने काही बिघडत नाही. सीईटीचाही भर. बजाजचा कटऑफ किती वर असतो ते तुला ठाऊकच आहे, ९९ पर्सेंटाइल मिळवून बाहेर राहिलेली मुलं आपल्या सोसायटीतच दोन आहेत. पण फॉर्म भरायच्या आधी एक काम कर. त्या आठ महिन्यांची गोष्ट पानभर लिहून काढ. कोणी काय म्हटलं, कधी, आणि तू तेव्हा गप्प का बसलास. ते मला पाठव, मी वाचते. मराठीत लिही, इंग्रजीत तू फार गुळगुळीत लिहितोस.

माझी एमएफएमची एक वही सापडलीय, वाळवीने कोपरा खाल्लाय, पण तो १३५ दिवसांचा हिशोब शाबूत आहे. पार्सलमध्ये टाकलीय. सोबत मेतकूट आणि लसणाची चटणी. चटणीची बरणी आधी काढ, मागच्या वेळसारखं तेल वहीवर नको.

तुझी,
आई

ता. क. डबेवाल्याच्या कर्जाची लिमिट मी वाढवून घेतली होती, साहेबांशी दोन महिने भांडून. त्याच्याकडचे दोन डबे अजून स्वयंपाकघरात आहेत, पोहे ठेवतो ते.