कृषीच्या जागांसाठी रस्त्यावर बसलेल्या लेकीस

25 ऑगस्ट 2024

चि. स्नेहलला अनेक आशीर्वाद.

आज तुझा बँकेचा पेपर झाला असेल. आयबीपीएसची बँकेची परीक्षा आणि एमपीएससीची राज्यसेवा एकाच दिवशी ठेवायच्या आणि पोरांनी त्यातली एक सोडायची, हा कुठला न्याय? फी तर दोन्हीकडची घेतलेली. गुरुवारी आयोगाने राज्यसेवेची पूर्व परीक्षा पुढे ढकलली हे कळलं तेव्हा तुझ्या आईने देवापुढे साखर ठेवली.

तू पुण्यात शास्त्री रोडवर आंदोलनाला बसलीस म्हणून भावकीत कुजबुज झाली. पोरगी शिकायला पाठवली की घोषणा द्यायला? मी स्पष्ट सांगितलं, बीएस्सी ॲग्री झालेली पोरगी कृषी सेवेच्या 258 जागा राज्यसेवेच्या परीक्षेत घ्या एवढंच मागतेय. त्यासाठी रात्र रस्त्यावर काढावी लागते, याची लाज सरकारला वाटली पाहिजे, आम्हाला नाही.

विधानसभा जवळ आल्यामुळे परवा पुढारी पारावर आले होते. मी दोन गोष्टी विचारल्या. जिल्हा परिषदेवर मार्च 2022 पासून प्रशासक आहे, निवडणूक नाही, सदस्य नाही, मग वस्तीच्या रस्त्याचं गाऱ्हाणं कुणापुढे मांडायचं? आणि कृषीच्या जागांचं काय? पहिल्यावर "पाठपुरावा चालू आहे" म्हणाले. दुसऱ्यावर बोलणार, तेवढ्यात वाघ्याने त्यांची चप्पल उचलली आणि थेट उसात पळाला. कार्यकर्ते मागे धावले, सगळा पार हसायला लागला. चप्पल मिळाली तसे ते गाडीत बसले आणि निघाले. माझा प्रश्न राहिला तो राहिलाच. इतका संताप झाला त्या कुत्र्याचा! तू गेल्यापासून फार बिघडलाय. दुरडीतली भाकरी ओढतो, शेजारच्या कोंबड्यांमागे लागतो, दुचाकी दिसली की अंगावर धावून जातो. साखळी आणली, पण आई बांधू देत नाही. तुझा आवाज फोनवर आला की मात्र मोबाईलला नाक लावून उभा राहतो.

तारीख पुढे गेली, पण जागांचं लेखी काही हातात आलेलं नाही. तोवर मागणी सोडू नका. आणि माईक कुठल्याच पक्षाच्या हातात देऊ नका. भेटायला येतील त्यांना येऊ द्या, बोलायचं तुम्हीच. मागच्या वर्षी मुलं ठाण मांडून बसली होती म्हणूनच एमपीएससीचा सविस्तर उत्तरं लिहायचा वर्णनात्मक पॅटर्न 2025 वर गेला. रात्री बसायचं झालं तर मैत्रिणींसोबत बस, पोलिसांशी हुज्जत घालू नकोस, आणि अभ्यासिकेतली जागा सोडू नकोस.

परीक्षा लांबली की खोलीभाडं, मेस, सगळंच लांबतं, हे मला कळतं. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये जाहीर झालाय, बाजारात तेवढा मिळत नाही. तरी पैशासाठी तू जेवण कमी करायचं नाहीस.

पत्रासोबत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पाठवतोय, खोलीतल्या मुलींनाही दे. नवी तारीख लागली की आधी मला फोन कर.

तुझे
अप्पा