रॅक बदलायच्या आधी जॅक तरी लावा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पावसाळा सरला की आमच्या कोकणात जुन्या गाड्यांचं स्टिअरिंग जड व्हायला लागतं आणि गॅरेजमधलं उत्तर ठरलेलं असतं, "साहेब रॅक गेला, बदलावा लागेल." (रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारी दातेरी पट्टी.) खाली वाकून कोणी बघत नाही पण एस्टिमेट तयार. माझ्या गाडीलाही हेच सांगितलं, दुसऱ्या मिस्त्रीने बघितलं तर ब्रेक पेडलपाशी स्टिअरिंगच्या दांड्याला जो क्रॉस (वळता सांधा) असतो तो खारी हवा आणि पाणी लागून गंजलेला. त्याची खूण सोपी आहे, स्टिअरिंग एक फेरा फिरवलं की दोनदा जड दोनदा हलकं असं अडकत फिरतं. रॅकला काहीही झालेलं नव्हतं!

खरं तर सगळ्यात आधी टायरची हवा बघायची, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात असं माझं मत. मग हॅन्डब्रेक ओढून, मागच्या चाकांना ओट (दगड किंवा लाकडाचा ठोकळा) लावून पुढची दोन्ही चाकं उचलायची, स्टँड लावायचे (नुसत्या जॅकवर खाली शिरू नका) आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग फिरवायचं. हलकं फिरलं तर टायरची हवा, अलाइनमेंट (चाकांचा कोन) नाहीतर पॉवर स्टिअरिंगकडे (स्टिअरिंग हलकं करणारी यंत्रणा) बघा. चाकं अधांतरी असूनही जड असेल तर टाय रॉडचे (रॅक आणि चाक जोडणाऱ्या दांड्यांचे) एंड सोडवून एकेक चाक हाताने वळवायचं, चाकच जड असलं तर बॉल जॉइंट (चाक ज्यावर वळतं तो सांधा) किंवा वरचं स्ट्रटचं (शॉकअॅब्सॉर्बरचं) बेअरिंग बिघडलंय, चाक मोकळं असलं तर क्रॉस सोडवून बघायचा, आणि क्रॉसही ठीक निघाला तरच रॅकचं नाव घ्यायचं.

मारुती 800 वाल्यांना पॉवर स्टिअरिंगचा घोळच नाही. बाकी ज्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंग ऑइलवर चालतं त्यांत बेल्ट ढिला आहे का, ऑइल कमी झालंय का ते बघा, आणि कृपा करून त्यात ब्रेक ऑइल ओतू नका, सील फुगून वाट लागते. इलेक्ट्रिक असेल तर मीटरमध्ये दिवा लागतो का आणि बॅटरी दमलीये का ते आधी.

गॅरेजवाल्यांना एवढंच सांगणं की एस्टिमेट देण्याआधी चाकं उचलून गिऱ्हाईकाच्या हातात स्टिअरिंग द्या, त्यालाच कळू दे कुठे अडकतंय. आणि वळवलेलं स्टिअरिंग आपणहून सरळ येत नसेल तर दुरुस्त होईपर्यंत गाडी घाटात काढू नका.

एक वाचक, रत्नागिरी