दत्त्याला, टॅमनीवरून

प्रिय दत्त्या,

तुझ्या पत्रांना उत्तर गेलं नाही, कबूल. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. साखर आहे तिथेच आहे. गुडघ्याचं नंतर कधीतरी.

टॅमनी हॉल, म्हणजे न्यूयॉर्कमधली डेमोक्रॅटिक पक्षाची यंत्रणा, तिच्यावरचं पुस्तकातलं प्रकरण संपादकांनी परत पाठवलंय. समासात शेरा: कोळसा, भाडं, अंत्ययात्रा (म्हणजे गरिबांना केलेली मदत) कापा, भ्रष्टाचार ठेवा. तुलाच लिहितोय, कारण मेसमध्ये याच मुद्द्यावर तू ताट सोडून उठला होतास. आणि तेव्हा तू संपादकांच्या बाजूचा होतास, बरं का.

आता कापायचं कुठून? बोटीतून उतरलेल्या माणसाचं मत हवं तर आधी त्याला नागरिक करायला हवं. 1906 च्या कायद्याने ती वाट लांबवली. आधी इराद्याचं घोषणापत्र, फी एक डॉलर. किमान दोन वर्षं थांबायचं आणि एकूण पाच वर्षांचा रहिवास भरला की अर्ज, त्याचे दोन डॉलर, दाखल्याचे आणखी दोन. पाच वर्षं ओळखणारे दोन नागरिक साक्षीला. इंग्रजी बोलता आलं पाहिजे. अर्जानंतर किमान 90 दिवसांनी सुनावणी, आणि निवडणुकीआधीच्या 30 दिवसांत कुणालाच दाखला नाही. ही शेवटची अट उगाच नव्हती. 1868 साली टॅमनीचा तेव्हाचा बॉस ट्वीड, त्याच्या कंपूने न्यायाधीश हाताशी धरून मतदानाच्या तोंडावर हजारो दाखले वाटले होते. लोअर ईस्ट साइड या स्थलांतरितांच्या वस्तीतल्या शिंप्याने दिवसाची मजुरी बुडवून साक्षीदार शोधायचे कुठे? ते टॅमनीचा कॅप्टन, म्हणजे वस्तीतली मतं सांभाळणारा कार्यकर्ता, आणून उभे करी.

हाच कॅप्टन जिना न् जिना ओळखायचा. कोण आजारी, कुणाची नोकरी गेली, कुणाचं सामान रस्त्यावर आलं. त्याच्यावरचा जिल्हानेता प्लंकिट, त्याची दिनचर्या वार्ताहर रिअर्डनने 1905 साली छापली: रात्री दोनला जामिनासाठी उठवलेला, पहाटे आगीच्या जागी, सकाळी दारुड्यांना सोडवायला कोर्टात, दुपारी आधी इटालियन अंत्ययात्रा, मग ज्यू. बॉवरी या गरीब भागात टॅमनीचा पुढारी बिग टिम सुलिव्हन नाताळचं जेवण घाली, हिवाळ्यात बूट वाटी.

पैसा कुठला? रविवारची बंदी मोडून मागच्या दाराने चालणाऱ्या सलूनचा (दारूच्या गुत्त्याचा) हप्ता, जुगाराचा हप्ता, कंत्राटातला वाटा. म्हणजे कोळसा आणि हप्ता एकाच वहीत. एक पान फाडलं की दुसऱ्याची बेरीजच लागत नाही. संपादकांना हे सांगू कसं, दत्त्या? फोनवर ते नुसतं ‘हं’ म्हणतात.

तुझा मुद्दाही आता मान्य, पण अर्धाच. यंत्रणा एकेका माणसाला तारायची, कारखान्याच्या मालकाला हात लावत नव्हती. पोलिसातल्या नोकऱ्याही मुख्यतः आयरिशांना. 25 मार्च 1911 ला ट्रँगल कारखान्यात नवव्या मजल्याचं दार कुलूपबंद होतं, आगीत 146 जीव गेले. तिथे बादलीभर कोळसा काय करणार? मग टॅमनीचेच आमदार वॅग्नर आणि अल स्मिथ चौकशी आयोगावर बसले आणि कारखाना कायदे झाले. टॅमनीचा तेव्हाचा बॉस मर्फी, त्याने आडकाठी केली नाही. ज्यू मतं समाजवाद्यांकडे सरकत होती, 1914 ला लोअर ईस्ट साइडमधूनच समाजवादी मेयर लंडन अमेरिकी काँग्रेसवर निवडून आला. पुण्य नव्हे, हिशेब!

बोस्टनचा असाच एक बॉस मार्टिन लोमास्नी, त्याला लोक ‘महात्मा’ म्हणत, ते वाक्य मात्र संपादकांनी ठेवलंय. बोलून भागत असेल तर लिहू नये, असं त्याचं धोरण सांगतात. माझ्या मौनाला तोच आधार.

आपल्या सखाराम गणेश पंडितांचा परिच्छेद ठेवू का? 1914 ला अमेरिकेचे नागरिक झाले, 1923 च्या थिंड खटल्यात (हिंदी माणूस ‘गोरा’ ठरून नागरिक होऊ शकतो का, हा वाद) थिंडचे वकील. थिंड हरल्यावर सरकार पंडितांच्याच नागरिकत्वामागे लागलं, ती लढाई मात्र ते जिंकले. हिंदी माणसाला मतच नाही म्हटल्यावर त्याच्या जिन्यावर कॅप्टन कशाला चढेल? मला तो परिच्छेद हवा. संपादक म्हणतात, विषयांतर.

कुंदाची बदली रद्द झाली का? गच्चीच्या गळतीचं काय झालं? धाकटीला आशीर्वाद.

बापट सरांच्या टिपणांची झेरॉक्स तुझ्याकडेच आहे, नाही म्हणू नकोस. ती कुरिअरने पाठव, आणि पंडितांचं काय ते रविवारपर्यंत कळव. सोमवारी संपादकांना उत्तर द्यायचंय.

तुझा,
सुध्या